बुधवारचं पोट

(बुधवारची सकाळ. झाडीपट्टीतल्या एका गावचं आरोग्य उपकेंद्र. साधना सिस्टरसमोर कुंता आणि तिची नववीतली पोरगी रिंकू.)

कुंता : ...मंग मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. ठसका असा लागला का शेजारचे धावत आले. मंजे नजर नाई. पुजारी म्हने, खान्यातलं हाये.

साधना : मग खाण्यातलं काय बंद केलं?

कुंता : मासोळी. महिना झाला, काट्यालेही हात लावू नाई देल्ला.

साधना : जाळं टाकणाऱ्याच्या घरात मासोळी बंद. कमाल आहे तुमची. आणि फरक?

रिंकू : दुखतेच.

कुंता : आन निस्तं पोट नाई, सिस्टर. हात गार पडते, बोटाइले मुंग्या येते, छातीत धडधड. संडासले चार-चार डाव पळते. रातच्याला डोळा लागत नाई. तुम्ही सोनोग्राफी लिहून द्या, आपन चंद्रपूरले नेऊ.

साधना : रक्त-लघवीचे रिपोर्ट आले, चांगले आहेत. डॉक्टरांनी पोट तपासलं, तिथेही काही नाही. पण माझी वही बघा. आज बुधवार. याच्या आधी ही तीनदा आली, तिन्ही वेळा बुधवारीच.

कुंता : तेच तं म्हनून राह्यली ना जी. बुधवारी तलावात जाळं पडते, बुधवारी मासोळी घरी येते. मासोळीच बाधते हिले.

साधना : घरी किती वाजता येते?

कुंता : दहा वाजते.

साधना : आत्ता नऊ वाजलेत. रिंकू, पोट केव्हापासून?

रिंकू : काल सांजपासून.

साधना : म्हणजे मासोळी अजून पाण्यात आणि दुखणं पोटात.

कुंता : वासानं असन.

रिंकू : माय, कोनता वास? जाळंच नाई पडलं अजून.

साधना : हसली एकदाची. बरं, बुधवारी सकाळी तुझं काय असतं? पेपर असतो शाळेत?

कुंता : पेपर कुठचा. तलावावर असते ती, शाळेत मांगून जाते. मान हाये तिचा.

साधना : मी बदलून आलेली बाई, मला नाही माहीत. कसला मान?

कुंता : अकरा घरचे लोक मिळून जाळं ओढते. मासोळीचे अकरा वाटे पाडते तलावाच्या पारीवर. रिंकू तिकडं पाठ करून उभी राह्यते, डोस्क्यावर ओढनी घेऊन. इस्तारीभाऊ एका वाट्यावर काडी टेकवते न विचारते, हा कोनाचा? रिंकू ज्याचं नाव घेईन त्याचा तो वाटा. सात वर्साची होती तवापासून तिच्याकडं हाये.

साधना : एवढ्या मोठ्या माणसांत लहान पोर कशाला?

कुंता : लहान लेकराले आपला-परका समजत नाई ना. जे तोंडाले आलं ते देवाचं.

रिंकू : सिस्टर, माह्ये हात पाहा.

साधना : आत्ता तर चांगले होते. कुंताबाई, धरून बघा.

कुंता : अव माय. बरफ झाले.

साधना : वाट्याचं नाव निघालं आणि गार पडले. आता मला सांगा, तुम्हाला कधी वाघ दिसलाय?

कुंता : मागच्या साली. मोहा वेचाले गेलतो आम्ही बाया, वीस पावलावर बसून होता.

साधना : तेव्हा तुमचं काय झालं?

कुंता : काय होईन? छाती धडधड, हातपाय गार, तोंडाले कोरड. आन पोटात अशी कळ आली का... जाऊ द्या, पोरगी बसली हाये.

साधना : हेच हिला होतंय. फरक एवढाच की हिचा वाघ आपल्याला दिसत नाही. ही सोंग करत नाही बाई, खरंच दुखतंय तिला. मनाला घोर लागला की तो पोटात उतरतो. या वयात कोणाला पेपरचा असतो, कोणाला घरच्या भांडणाचा, कोणाला मैत्रिणीचा. रिंकू, तुझा वाघ कोण?

रिंकू : मंगलीकाकू.

कुंता : वारलूची मंगली? तिनं काय केलं?

रिंकू : तिच्या घरी लागोपाठ तीन बुधवार बारीक वाटा गेला. ती सगळ्याइच्या समोर मले म्हने, तुह्या तोंडात आमच्यासाठी काटेच हाये काय. दुसऱ्या दिवशी तिच्या पोरीनं, नीलिमानं, बेंच बदलवला.

कुंता : मले काऊन नाई सांगतलं?

रिंकू : तू भांडाले गेली असती.

कुंता : गेलीच असती.

साधना : तेवढंच आहे का, अजून काही?

रिंकू : हाये. रागावशीन नको, माय. मले कोनता वाटा मोठा, ते समजते.

कुंता : पाठमोरी उभी राहून?

रिंकू : मोठ्या वाट्यापाशी आलं का इस्तारीकाका पह्यले खाकरते, मंग विचारते. बारीक वाट्यावर फटकन विचारून मोकळा होते. दोन वर्सं झाले, मले माहीत हाये. पह्यले मी लक्ष नव्हती देत. आता खाकरलं का वारलूकाकाचं नाव घेते.

कुंता : मंजे महिनाभर मंगलीच्या घरी मोठाला कतला मासा शिजून राह्यला तो...

रिंकू : मीच देल्ला.

कुंता : आन आपल्या घरी बोटाबोटाएवढे मासे?

रिंकू : आपलं नाव मी फटकनवाल्यावर घेते. दुसऱ्याचं नुसकान करून कसं देऊ? पन कोनाले समजलं तं? रातभर तेच डोस्क्यात फिरते.

साधना : कुंताबाई, अहो, पोरगी रडतेय आणि तुम्ही हसता काय?

कुंता : हसू नाई तं काय करू, सिस्टर? हिचा बाप महिनाभरापासून नशिबाले शिव्या देऊन राह्यला. मागच्या सोमवारी पुजाऱ्याले कोंबडा देऊन आला, वाटा मोठा पडावा म्हनून.

रिंकू : बाबा कोंबडा देऊन आला?

कुंता : लाल तुऱ्याचा. आता हस तू पन, हस. मले सांग, नीलिमा तरी बोलाले लागली काय?

रिंकू : लागली. बेंचवरही आली. पन मले वाटते, ती माह्यासंग नाई, कतल्यासंग बोलते.

साधना : ते तिला विचार एकदा. कतला बाजूला ठेवून विचार. आणि हात गार पडले की श्वास हळू घ्यायचा, सोडायचा त्याहून हळू. दर आठवड्याला मला येऊन भेट, बुधवार सोडून. तरी झोप लागली नाही तर आपण डॉक्टरांना सांगू, त्यात लाजायचं काही नाही.

रिंकू : माय.

कुंता : काय वं?

रिंकू : मले आता नाव नाई घ्याचं. कोनाचंच.

कुंता : आठ वर्सं झाले पोरी. बाया म्हनते, कुंताच्या पोरीचं तोंड साफ. मले किती गोड लागते ते, तुले नाई माहीत.

रिंकू : माहीत हाये. म्हनून तं बोलली नाई.

साधना : फोन वाजतोय तुमचा.

कुंता : इस्तारीभाऊचा हाये. हॅलो. हो जी, दवाखान्यात हाये. जाळं टाकाले घेतलं काय? नाई भाऊ, रिंकू नाई येत. आज नाई, पुढच्या बुधवारीही नाई. दुसरं लेकरू पाहा तुम्ही. आन हे पाहा, विचाराच्या पह्यले खाकरत नका जाऊ. काऊन ते घरी येऊन सांगीन, मंगलीलेही बलवून ठेवा. नाई जी, बिमार नाई. लहान नाई राह्यली ती आता.