दोन बोटांवर विमान

नाही, तू बस तिथंच, चहा घे, आणि माझ्या हातांकडे टक लावून बघू नकोस — तुला लोरेलनं पाठवलंय ते कळलंय मला. पोटची पोर आहे, तिला ओळखत नाही होय मी? "बाबांचे हात थरथरतात का बघून ये, थरथरत असले तर उडवणं बंद" — हेच ना? अरे जावईबापू, हात नाही थरथरत, या रिमोटवरच्या लाकडी विमानाचाच तोल बिघडलाय. तेच तर सिद्ध करत बसलोय सकाळपासून. आमच्या क्लबात नवं विमान पंखांखाली दोन बोटं लावून तोलल्याशिवाय उडत नाही, आणि ती बोटं कुणाची? माझी. अख्ख्या डबो गावात विचार, वॉली दोनबोट्या म्हणतात मला, तोंडावरसुद्धा. आणि आज दोनबोट्याला स्वतःचंच विमान तोलता येईना — घ्या.

हे बघ. खुणेवर दोन बोटं, हळूच उचललं — गेलं शेपटीवर. म्हटलं नाक हलकं आहे, शिसं भरू. शिसं कुठलं? तुझ्या गळाच्या डब्यातलं. तोंड वाकडं करू नकोस, रविवारी मासे वाचतील थोडे, एवढंच. भरलं, तर पडलं नाकावर. काढलं थोडं — परत शेपटीवर. घातलं, काढलं, घातलं, काढलं — कुंपणावर एक मॅगपाय पक्षी बसून बघत होता, तोही कंटाळून गेला. बॅटरी? घातलीये रे, इतका येडा नाहीये. वारा? वाराही नाहीये, ते निशाण बघ कसं वाळत घातलेल्या मोज्यासारखं लोंबतंय. लाकूडच एका बाजूचं ओलसर असणार. लाकडाचं बरं असतं, काही म्हटलं तरी ऐकून घेतं. आणि कप अर्धाच भरून देतोस हल्ली, ते काय लक्षात येत नाही माझ्या? हा बनियन? बटणांचा शर्ट नको वाटतो, उकडतं. हो, जुलैत. जगाच्या या खालच्या अर्ध्यात जुलैत ऐन थंडी, तरी उकडतं मला, काय म्हणणं आहे?

बरं, तू धर. धर म्हणजे तुझीही खात्री पटेल. दोन बोटं, खुणेवर. दाबू नकोस. आता उचल.

हं.

धरून ठेव जरा. अजून. नाक किंचित खाली — असंच हवं असतं. अगदी असंच.

म्हणजे तोल बरोबरच होता की. उगाच लाकडाला बोल लावत बसलो सकाळपासून. वाईट वाटतंय रे, खूप वाईट वाटतंय.

काही बोलू नकोस. ठेव ते गाडीत, मागच्या सीटवर, नीट ठेव. आणि ही घे किल्ली. हो, गाडीचीच. चालव तूच. चल, ऊठ.