सहा नंबरचे बूट

(कंधारच्या बसस्टँडमागे चांदपाशाचं शिलाईचं दुकान. आरशासमोर कोट घालून उभा आहे त्याचा शाळेतला वर्गमित्र शंकरप्पा. फौजेतल्या पुरवठा कोठाराचा निवृत्त मेजर.)

चांदपाशा : हालू नको, मेजरसाब. तीन पदकं एका रेघेत बसवायची हायेत. पोट आत घे.

शंकरप्पा : मधलं लावू नको.

चांदपाशा : का बरं? तेच तर कारगिलचं! उद्याचा सत्कार तुझ्या फौजेतल्या किशननं भरवलाय, अर्धापूरहून गाड्या करून मानसं आणून राहिला. मधलं चमकव म्हणला.

शंकरप्पा : किशन म्हणाला, म्हणूनच नको.

चांदपाशा : लई गुण गातो तुझे. साहेबांनी बूट दिले म्हणून नुसती बोटं गेली, पाय वाचला, म्हणतो.

शंकरप्पा : नऊ नंबरचे दिले होते मी. त्याचा पाय सहाचा.

चांदपाशा : नसतील सहाचे.

शंकरप्पा : होते. बारा जोड, सीलबंद पेटीत. राखीव साठा. वरच्याच्या सहीशिवाय फोडायचा नाही, अन् दुसऱ्या दिवशी तपासणी. म्हणालो, दोन मोजे घाल अन् चढ वर. चार दिवस ढिल्या बुटांत बर्फात होता पोरगा.

चांदपाशा : अन् तपासणी?

शंकरप्पा : एक नग कमी भरला नाही. त्याचंच हे पदक.

चांदपाशा : मी मापाबिगर पायजमा बेतत न्हाई रे.

शंकरप्पा : बोल, अजून बोल.

चांदपाशा : त्याला ठाव हाय?

शंकरप्पा : दर दिवाळीला केळीचा घड आणतो. पाया पडतो. मी चहा पाजतो.

चांदपाशा : सव्वीस वर्सं नुसता चहा! बरं, न्हाई लावत मधलं. पिन तुटली म्हणून सांगू.

शंकरप्पा : नको. लाव. उद्या माईक हातात आला की सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

चांदपाशा : वा! तू मोकळा होशील. अन् तो? त्याच्याच पाहुण्यांत बसून ऐकंल? आजबी त्याचं माप न घेताच देऊन राहिलास.

शंकरप्पा : मग काय करू?

चांदपाशा : चारला कोट बघायला येतो म्हणला व्हता. तो बघ, चप्पल काढून राहिला.

किशन : रामराम साहेब! हालू नका, हालू नका. झाक दिसतंय मधलं.

शंकरप्पा : किशन, बस इथं. तुझा पाय किती नंबरचा रे?

किशन : सहाचा व्हता, साहेब. आता पाचाचा बूट बी ढिला होतो.