सासूबाईंची तपासणी

अंबाजोगाईच्या त्या ट्रेनिंगला तुम्ही हसला होतात ना, मग ऐका. बाईच्या अंगावर वळ दिसले, तर सोबतच्या माणसाला बाहेर काढून तिला एकटीला विचारायचं, असं आम्हा डॉक्टरांना तिथं शिकवलं.

परवा एक सासू सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सुनेच्या दंडावर पाच बोटं उमटलेली. मी काहीही विचारलं की सासूच सांगायची, "गोठ्यात पडली, सायेब."

शेवटी "तुमचीही लघवी तपासू" म्हणत मी सासूच्या हातात बाटली दिली आणि तिला बाहेर धाडलं. दार लागल्यावर सून हळूच म्हणाली, "नवरा मारतो."

तेवढ्यात सासू परत आली. रिकामी बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "आता ही सुनंला द्या, अन् तिला इचारलं ते मलाबी इचारा."