चार बोटं जागा

उयुनी गावच्या पेट्रोलपंपावर सकाळची रांग होती. माझ्या पुढच्या जीपच्या टपावरून फर्मिन पेट्रोलचे लोखंडी डबे खाली काढत होता आणि त्याची बायको सातुर्निना डब्यांखालच्या घोंगड्या हुंगत होती.

“वासच नाही! अकरा वर्षं माझ्या घोंगड्या पेट्रोलने घाण झाल्या, आणि या खेपेला एक थेंब नाही?”

“मग चांगलंच झालं की.”

“झाकणात हा वायसर कुणी बसवला?”

“सरोवरांच्या वाटेवर पंक्चरवाली आहे ना, इलारिया. तिने.”

“ती विधवा?”

“पंक्चरवाली.”

“कातडं कसलं आहे हे? मऊ लागतंय.”

“बुटाचं.”

“कुणाच्या?”

“तिच्या नवऱ्याच्या. नुसता पडून होता.”

“मेलेल्या नवऱ्याचा बूट कापला तिने? तुझ्या डब्यासाठी?”

“अगं, सगळ्याच ड्रायव्हरांना करून देते ती.”

“थांब, विचारतेच. ओ दादा, तुम्हीही सरोवरांकडेच जाता ना? तुमच्या डब्याला वायसर कसला आहे?”

“रबराचा,” मी म्हणालो.

“ऐकलंस?”

“रांग सरकली बघ. डबा दे इकडे.”

“पंपवाले भाऊ, काठोकाठ भरा हो!”

“नको, नको! उन्हात पेट्रोल फुगतं. वर चार बोटं जागा सोडायची असते.”

“हे अकरा वर्षांत कधी बोलला नाहीस.”

“आता कळलं.”

“तिच्याकडून?”

“सातू, काठोकाठ भरलं तर गळेल. तुझ्याच घोंगड्या आहेत वर.”

“गळू दे. वाटेत त्याच पांघरतोस ना? तिच्या दारात उतरशील, तेव्हा अंगाला आपल्या घरचा वास असू दे.”