मागच्या सीटवर पेटी

माझं पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक कुरिअरवाला आणि त्याची बायको. समोर मिस्त्री त्यांच्यासाठी एक जुनी मोटरसायकल तपासत होता.

"अहो, रंग बघा हिचा, पार उडालाय."

"रविवारी भटकायला रंग कशाला लागतो? परवडतेय ना, बास."

"घरी एक धडधाकट गाडी आहे की."

"तिच्या मागच्या सीटवर पार्सलची पेटी आहे."

"चार बोल्ट काढले की निघते पेटी."

"अगं, सहा दिवस राबते बिचारी. तिच्या जिवावर घर उभं राहिलं. रविवारी तरी पडू दे निवांत."

"आणि ही चांगली कशावरून?"

"मागचं फूटरेस्ट बघ. रबर झिजलंय."

"म्हणजे खराबच!"

"म्हणजे मागे रोज कुणीतरी बसायचं. आपलं माणूस मागे असलं की गाडी कुणी वेडीवाकडी हाणत नाही."

"पेटी लावून किती वर्षं झाली हो?"

"सात. सात वर्षं तू बसनं माहेरी जातेस. एकदाही कुरकुरली नाहीस."



"साहेब, गाडी ठणठणीत आहे. मागचं रबर तेवढं नवं टाकू?"

"त्यांना काय विचारता मिस्त्री? टाका. झिजवायचं माझ्याकडे लागलं."