जवळ पडेल त्यानं जावं

...आणि वर मलाच विचारतात, काका, तुम्हाला हल्ली काम तरी काय असतं? काय सांगू? बघत बसतो. पगार बघत बसण्याचाच मिळतो. हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली, खोलीत एक खुर्ची, समोर भिंतीएवढा पडदा आणि पडद्यावर गाड्यांचे ठिपके. बिनचालकाच्या गाड्या हो, कमरेएवढ्या उंच. चादरी, औषधं, जेवणाची ताटं घेऊन आपल्या आपण फिरतात, लिफ्ट बोलावतात, वाटेत माणूस आला की थांबतात आणि बाईच्या आवाजात म्हणतात, "कृपया वाट द्या." पूर्वी हेच काम माणसं करायची, ढकलगाड्या घेऊन, आणि त्यांना काम वाटून द्यायला मी. दिवसभर नुसती हुज्जत. "काका, मीच का? मघाशी पण मीच गेलो. त्याला पाठवा की, बसलाय बघा कसा." घसा बसायचा माझा. आता माणसं नाहीत, हुज्जत नाही, घसा अगदी ठणठणीत... वापरायचा कुठे, तेवढं विचारू नका.

आता काम कसं वाटलं जातं, ऐका. तिसऱ्या मजल्यावर चादरी हव्यात, एवढंच पुकारायचं. की झालं, सगळ्या गाड्या एका क्षणात आपापलं सांगून मोकळ्या: मी इतकी लांब, माझी बॅटरी इतकी उरलीय, माझ्याकडे आधीचं एक काम आहे. जिला सगळ्यात कमी त्रास, ती निघाली. रुसवा नाही, फुगवा नाही. चादरीवाल्यांच्या टोळीत गर्दी झाली तर जेवणवाल्यांतली मोकळी गाडी येते मदतीला. हे सगळं बसवून देणारी इंजिनिअर मुलगी मला जाताना म्हणाली, "काका, तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. जवळ पडेल त्यानं जावं. म्हणजे कुणाचंच काम राहत नाही." कुणाचंच राहत नाही... तुम्हाला सांगतो, हे मला इतकं आवडलं की घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी गेलो. कुलूप काढलं. राहून गेलं.

तर माझा डोळा. मोतीबिंदू. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रवारी करून टाकू, दुपारी घरी. फक्त न्यायला माणूस हवा हं, एकट्याला सोडत नाही आम्ही." मी म्हटलं, त्यात काय, घरात काय माणसांची वाण आहे? ही गेल्यापासून एकटा असलो तरी थोरला आहे, सून आहे, धाकटी लेक आहे, मेहुणा आहे. घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं, अगदी आमच्या पद्धतीनं: शुक्रवार दुपार, वरच्या मजल्यावरून घरापर्यंत, एक माणूस. आणि बसलो बघत. बघत बसण्यात आपला हात कोण धरणार?

बोली लागली हो. पण उलटी. थोरला म्हणतो, "बाबा, छोटीला जवळ पडेल ना." छोटी म्हणते, "दादाच्या घरून सरळ रस्ता आहे, मला दोन बस बदलाव्या लागतात." तो म्हणे सरळ असला तरी वाहतूक किती, ती म्हणे वाहतूक दुपारी नसते. जो तो आपण किती लांब आहोत हे पटवून देतोय. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, धावत आलो असतो, पण नेमका शुक्रवार." सुनेनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग कुणीतरी नातवाचा बोळकं दाखवणारा फोटो टाकला, त्याचं कौतुक सुरू झालं आणि माझं काम गेलं वर, दिसेनासं. राग नाही आला मला. त्यांचीही बॅटरी संध्याकाळपर्यंत संपत येते, मला का कळत नाही? पण जवळ पडेल त्यानं जावं म्हटलं, तर जवळ कुणीच नव्हतं.

मग मी एक उद्योग केला. करू नये असा. खुर्चीत बसलो होतो, समोर पडदा, हाताशी कळफलक... मी मलाच पुकारलं. माल म्हणून. उचल: डोळ्यांचा विभाग. पोच: बाहेरचं दार. वेळ: शुक्रवार दुपार. सूचना: नाजूक, आडवं करू नये. घेणारा कोण, ती जागा रिकामी सोडता येत नाही, म्हणून लिहिलं, घरचा माणूस. आणि काय सांगू, ज्या मोकळ्या होत्या त्या सगळ्या तयार. एकीनंही दुसरीकडे बोट दाखवलं नाही. खुर्ची पुढे ओढून बघितलं हो मी त्या ठिपक्यांकडे. काम मिळालं कुरकुरीला. तिचं एक चाक वाजतं, म्हणून मी ठेवलेलं नाव.

शुक्रवारी डोळ्यावर पट्टी, नर्सबाई विचारतात, "काका, न्यायला कोण?" तेवढ्यात दारात कुर्रर्र. "कृपया माल द्या." बाईंनी तिच्यावरची पाटी वाचली, घेणारा घरचा माणूस, आणि म्हणाल्या, "अच्छा, दारात थांबलेत होय? मग जा सावकाश, हिला धरून." गेलो. तिच्या कडेवर हात ठेवून, एका डोळ्यानं. लोक तिला वाट देत होते, त्यात मलाही मिळत होती. आमच्या हिच्या चपला अशाच वाजायच्या शेजारून चालताना. मी कुरकुरीला सांगितलंसुद्धा ते. ती काही बोलली नाही, ही तरी कुठे बोलायची चालताना?

दारात पोचलो. "माल पोचला. घेणाऱ्याने हिरवं बटण दाबावं." बाहेर रिक्षा लागत होत्या, लोक आपापली माणसं धरून धरून बसवत होते. आम्ही दोघं उभे. "घेणाऱ्याने हिरवं बटण दाबावं." मला नियम पाठ. घेणारा आला नाही की माल परत वर. शिवाय तिच्या नावावर पुढच्या चादरी लागलेल्या, तिला किती वेळ अडवणार? इकडे बघितलं, तिकडे बघितलं... आणि दाबलं मीच. "धन्यवाद," म्हणाली, आणि वळून गेली कुरकुरत.

रिक्षात बसलो तोच फोन वाजला. ग्रुपवर थोरला. "बाबा, मग शेवटी कोण आलं न्यायला?"

एका डोळ्यानं शोधत शोधत लिहिलं, "आलं एक जण. त्याला जवळ पडत होतं."