शेवटचा माड

वैजयंती : म्हणजे आज पाचच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणून तुम्ही शरीफाबाईंना सांगणार, दुपारी शिलाई मशीन बंद.

नंदकुमार : मी नाही, सोसायटी सांगणार. पंधरा घरं एका बाजूला, एक घर एका बाजूला. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. याहून न्यायाचं काही असेल तर दाखव.

वैजयंती : भलं कसलं? झोपेचंच ना?

नंदकुमार : झोपेला हसू नकोस. तिच्या पलीकडचा मधुकर केमिकल कंपनीत रात्रपाळी करून येतो. त्याच्या भिंतीला लागून ती खटखट. आजारी पडेल माणूस.

वैजयंती : मधुकरभावजींचं पटतं मला. पण बाकीचे? जेवून आडवं व्हायचं, एवढंच. त्यांच्या साऱ्या वामकुक्ष्या एकावर एक रचल्या तरी त्या बाईची एक चूल होत नाही. नवरा, सुलेमानभाई, गेल्यापासून शाळेचे गणवेश शिवूनच घर चाललंय तिचं. नि इथं वाशीत सकाळ-संध्याकाळ पाणी भरण्यात, स्वयंपाकात जाते, दुपारीच काय ती सवड मिळते बाईमाणसाला.

आई : नंदू, पाणी पोचलं का रे शेवटच्या माडाला?

नंदकुमार : पोचलं, आई. पड तू जरा.

वैजयंती : मशीन चालू असलं की त्यांना श्रीवर्धनच्या आपल्या विहिरीवरचा रहाट वाटतो. वाडीचं शिंपणं चाललंय म्हणून स्वस्थ बसतात गॅलरीत.

नंदकुमार : बाबांचा नेम होता तो. शेवटच्या माडाला पाणी पोचल्याशिवाय बैल सोडायचा नाही. पण म्हणून काय मी आईसाठी निर्णय फिरवू? मी आपलं-परकं करत नाही.

वैजयंती : नका करू. पहाटे आई त्याच बैलाला हाका मारतात, अख्खी बिल्डिंग जागी होते. तेही घ्या मीटिंगमध्ये. इकडे पंधरा घरं, इकडे एक म्हातारी.

नंदकुमार : आईचं वेगळं आहे.

वैजयंती : कसं?

नंदकुमार : तिला काय कोंडून ठेवायचं?

वैजयंती : तुम्ही नाही हो. सोसायटी ठेवेल.

नंदकुमार : फार तोडून बोलतेस. कुणी तक्रार केलीय का आईची?

वैजयंती : कुणीच नाही. सगळ्यात जवळून ऐकतात त्या शरीफाबाई. परवा जिन्यात मला म्हणाल्या, "वयनी, आज आजीनी हाक नाय मारली, बरी हाय ना?"

नंदकुमार : मग हात मोजायचेच नाहीत म्हणतेस? सोसायटी चालवायची कशी?

वैजयंती : मोजा की. जिन्याच्या रंगाला मोजा, पंपाच्या वेळेला मोजा. पण एकाच्या गळ्याशी येतं तिथं मोजण्याआधी जरा थांबावं माणसानं. आता कुठं थांबायचं, ते मलाही नीट सांगता येत नाही.

(भिंतीपलीकडचं मशीन थांबतं.)

नंदकुमार : ऐकलं वाटतं तिनं.

वैजयंती : भिंती कसल्या, पापड नुसते.

आई : रहाट का थांबला रे? बैल दमला?

वैजयंती : सांगा ना त्यांना.

नंदकुमार : माझ्या चपला कुठायत?

वैजयंती : मीटिंगला अवकाश आहे अजून.

नंदकुमार : मीटिंगला नाही, शेजारी. मधुकरच्या भिंतीकडचं मशीन आपल्या भिंतीकडे आणता येतं का, विचारून येतो.

वैजयंती : आणि तुमची रविवारची झोप?

नंदकुमार : ती काय, एकाचीच आहे.

आई : नंदू, अरे, पोचलं का पाणी शेवटच्या माडाला?

नंदकुमार : नाही, आई. अजून नाही पोचलं.